जीआयपीच्या वाघिणींची ‘मूळ’ ड्रॉइंगं घेताय? आधी रूळ मोजा

मॉडेल रेल्वेवाल्यांमध्ये सध्या एक संच फिरतोय. ‘वर्कशॉपच्या भंगारातून वाचवलेली’ जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या मालवाघिणींची, म्हणजे वॅगनची, १९११ सालची ड्रॉइंगं, सोबत बिडाची मेकर्स प्लेट (बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची पाटी), एक जुना फोटो आणि मॉडेलवर चिकटवायच्या अक्षरांची, म्हणजे डिकॅल्सची, शीट. आमच्या गटाने वर्गणी काढून तो घेतला. अर्धे पैसे आगाऊ, अर्धे कुरिअर निघाल्यावर, सगळे यूपीआयवरून. संच पूर्ण बनावट निघाला आणि विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. दुसऱ्या कुणाला असाच चुना लागू नये म्हणून त्यातल्या खुणा इथे देतोय.

सगळ्यात पक्की खूण रुळांत सापडली. वाघीण समोरून दाखवणाऱ्या एंड एलिव्हेशनमध्ये चाकांखाली रूळ काढलेले असतात. शीटवर स्केल लिहिलं होतं पाऊण इंचाला एक फूट, म्हणजे १:१६. जीआयपीचा ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिमी. या स्केलला रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर ४ पूर्णांक १/८ इंच, साधारण १०५ मिमी भरायला हवं. पट्टी लावली तर जेमतेम ९० मिमी. त्याला १६ ने गुणलं की १४३५ च्या आसपास येतं, आणि तो झाला ४ फूट साडेआठ इंचांचा इंग्लंडमधला गेज. थोडक्यात, कुठल्या तरी इंग्लिश कोळसावाघिणीच्या ड्रॉइंगखाली जीआयपीचं टायटल ब्लॉक (शीटच्या कोपऱ्यातली नाव-तारखेची चौकट) चिकटवलं होतं. जुना कागद आक्रसतो हे खरं, पण एखाद टक्का. चौदा टक्के नाही. ड्रॉइंग लहान-मोठं करून छापलं असेल तर शीटवर लिहिलेलं कुठलंही एक माप घ्या, पट्टीने मोजा, त्यावरून खरं स्केल काढा आणि त्याच स्केलने रूळ तपासा. हे आडवं आणि उभं दोन्हीकडे करा. चाक अंडाकृती दिसत असेल तर चित्र एका बाजूने ताणलंय.

ही लबाडी लवकर लक्षात येत नाही, त्याला कारण आपलाच छंद आहे. एचओ या मॉडेलच्या स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, आपण बाजारात मिळणारा १६.५ मिमीचा ट्रॅक वापरतो, आणि १६.५ हा बरोबर १४३५ चा ८७ वा भाग. भारतीय ब्रॉडगेजला खरं तर १९.३ मिमी हवेत. त्यामुळे इंग्लिश ड्रॉइंगवरून बनवलेली वाघीण तयार चाकांवर अगदी फिट्ट बसते आणि कुणाला शंका येत नाही. चुकतो तो आकार. इंग्लिश चारचाकी वाघिणीची रुंदी आठ फुटांच्या आसपास, एचओमध्ये २८ मिमी. आपल्याकडची आजची बॉक्सएन ही उघडी मालवाघीण ३२०० मिमी रुंद, म्हणजे एचओमध्ये जवळपास ३७. पितळी पत्र्याचं एचिंग (आम्लाने भाग कोरून काढणं) एकदा करून आलं की मग रिव्हेट मोजत बसण्यात अर्थ नाही, अख्खा पत्रा वाया.

आता टायटल ब्लॉक. आमच्या एका शीटवर मूळ अक्षरांतच ‘आरडीएसओ, १९४९’ असं होतं. आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन आणि डिझाइन संस्था १९५७ साली झाली. त्याआधी १९३० पासून सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस होतं. जीआयपी जिच्यात विलीन झाली त्या मध्य रेल्वेचा जन्म ५ नोव्हेंबर १९५१ चा. मात्र जुन्या ड्रॉइंगवर मध्य रेल्वेचा रबरी शिक्का दिसला म्हणून ते लगेच खोटं ठरवू नका, कारण जुनी शीट नव्या कचेरीत वापरात राहायची. शिक्का नंतर बसू शकतो, छापील मजकूर बसू शकत नाही. मापांचंही तेच. मेट्रिकचा कायदा १९५६ चा. १९११ च्या शीटवर फूट-इंच आणि अपूर्णांक हवेत. मिमी कुणी नंतर पेनाने लिहिले असतील तर ठीक, पण मूळ मापच मिमीमध्ये असेल तर सोडून द्या.

कागदाला दहापट भिंग लावा. खऱ्या ब्लूप्रिंटमध्ये निळा रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला, सलग असतो आणि रेघ म्हणजे कोरा कागद. इंकजेटच्या प्रतीत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके सुटे दिसतात. आमच्या शीटवर घडीची पांढुरकी रेघ होती, बोट फिरवलं तर तिथे घडीच नाही! घडीसुद्धा छापलेली.

प्लेटवर ‘मेट्रोपॉलिटन-कॅमेल, १९११’ असं ओतलेलं होतं. ही कंपनी या नावाने १९२९ मध्ये आली. तसंच ‘बर्न स्टँडर्ड’ हे नाव १९७६ चं. त्याआधी हावड्याची बर्न अँड कंपनी. खऱ्या प्लेटवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आक्रसते, बिडात साधारण एक टक्का. दहा इंची प्लेट अडीच मिमीने आखूड भरली तर समजा.

डिकॅल्सवर जीआयपीच्या नावाखाली चक्क ११ अंकी क्रमांक होता. ही पद्धत या शतकातली आहे: दोन अंक प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन बांधणीच्या वर्षाचे, चार वाघिणीचे आणि शेवटचा तपासणीचा. फोटोबद्दल एवढंच की कारखान्याच्या अधिकृत फोटोसाठी गाड्या अनेकदा करड्या रंगवत. त्यावरून ‘मूळ रंग’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पैसे देण्याआधी एंड एलिव्हेशनचा रुळांवर स्टीलची पट्टी ठेवून काढलेला फोटो, टायटल ब्लॉकचं ६०० डीपीआय स्कॅन आणि कागदाच्या मागच्या बाजूचा तिरप्या उजेडातला फोटो मागा. प्लेट असेल तर रेल्वेच्या भंगार लिलावाची कागदपत्रंही मागा. कारण वस्तू अस्सल निघाली तरी ती चोरीची असू शकते, आणि रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ खाली ती बाळगणाराच अडकतो. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि कुरिअरचं पाकीट जपून ठेवा. पाकिटावर निदान बुकिंगचं ठिकाण तरी असतं.