नेट बंद म्हणून सर्चमधला नंबर लावला, ४३,४९९ रुपये गेले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सगळ्यांनी वाचा

मी खानापूर तालुक्यातला. मे महिन्यात आमच्याकडं वळीव कसा येतोय ते तुम्हाला माहीतच हाय, रात्रभर लाईट जात येत होती आणि सकाळी बघतोय तर कॉम्प्युटरवर एक पण साईट उघडेना. लेक सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी, पास झालीय, डिग्रीच्या ॲडमिशनचा अर्ज भरायचा होता, तिची घाई चाललेली. मला वाटलं विजेनं राऊटर गेला. पण राऊटरचे दिवे रोजच्यासारखेच हिरवे होते आणि त्याच वायफायवर घरच्यांच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप, व्हिडिओ सगळं चालू होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, त्याच वायफायवर मोबाईलला नेट चालतंय म्हणजे लाईन चांगली हाय, बिघाड कॉम्प्युटरातच हाय.

केबलवाला पोरगा फोन उचलेना, म्हणून मी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर असं टाकून सर्च केलं नि वरती जो दहा आकडी नंबर आला तो लावला. तो नंबर कंपनीचा नव्हताच. कंपनीचा खरा नंबर आमच्या बिलावर छापलेला होता, कपाटात होतं बिल.

समोरचा हिंदीत बोलत होता, एकदम नम्र, सर सर करत. त्यानं कॉम्प्युटरवर सीएमडी, म्हणजे कमांड टाईप करायची काळी खिडकी, उघडायला लावून नेटस्टॅट ही कमांड टाकायला सांगितलं, लांब यादी आली, वर फॉरेन ॲड्रेस असं लिहिलेलं. म्हणाला बघा सर, हे सगळे फॉरेनचे हॅकर तुमच्या कॉम्प्युटरात घुसलेत म्हणून ब्राउझिंग बंद केलंय. मी घाबरलो हो. नंतर कळलं की फॉरेन ॲड्रेस म्हणजे आपला कॉम्प्युटर ज्याच्याशी जोडलेला हाय त्या पलीकडच्या कॉम्प्युटरचा पत्ता, तो कुणाच्याही घरी दिसतोय. उलट त्या यादीत एस्टॅब्लिश्ड (जोडलं गेलंय) असं दिसत होतं, म्हणजे नेट चालूच होतं!

मग म्हणाला कॉम्प्युटरवर नेट बंद हाय ना, तर मोबाईलवर एक ॲप घ्या. ते स्क्रीन शेअरचं ॲप होतं, त्यात आलेला नऊ आकडी कोड मी त्याला वाचून दाखवला आणि विचारलं त्या सगळ्याला अलाऊ केलं. मग एक लिंक आली, हॅकर काढायचे १० रुपये भरा, कार्डचा नंबर, मागचे तीन आकडे सगळं भरायला लावलं. ओटीपी मी सांगितलाच नाही कुणाला. गरजच नव्हती, माझा स्क्रीन त्याला तिकडं दिसत होता, मेसेज आला की तो वाचत होता. लेक शेजारी उभी होती, ती म्हणाली पप्पा, दहा रुपयाला चोवीस हजारचा ओटीपी कशाला आलाय? तो म्हणतोय सर टेस्टिंग हाय, फोन कट करू नका. तिनं फोन हिसकावून फ्लाईट मोडवर टाकला तोवर २४,९९९ आणि १८,५०० असे दोन वेळा गेले होते.

लगेच घरच्यांच्या फोनवरून १९३० ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीची तक्रार घ्यायच्या सरकारी नंबरला, फोन लावला, बँकेत कार्ड बंद केलं. हा १९३० नंबर सगळ्यांनी फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि बँकेला पण लगेच कळवा. आपल्याकडून माहिती गेली असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जातंय ते बँकेच्या माथ्यावर, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम हाय, म्हणून मिनिटाला किंमत हाय. मग बेळगावला सीईएन, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या, पोलीस ठाण्यात गेलो. मी मराठी शाळेत शिकलेला, तक्रार लेकीनं कन्नडात लिहून दिली.

आणि कॉम्प्युटर? खानापूर स्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा घरी आला आणि दोन मिनिटात चालू करून दिला. सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी (म्हणजे नेट दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत फिरवायची सोय), तिथं यूज अ प्रॉक्सी सर्व्हर ऑन होतं आणि पत्ता १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे आपलाच कॉम्प्युटर. भाच्यानं सुट्टीत व्हिडिओ उतरवायचं फुकटचं सॉफ्टवेअर घातलं होतं, त्यानं सगळं ब्राउझिंग आपल्यातून वळवून घेतलेलं, लाईट गेल्यावर ते सॉफ्टवेअर परत सुरूच झालं नाही, मग ब्राउझर बंद दारावर थापा मारत बसला. प्रॉक्सी ऑफ केला, ते सॉफ्टवेअर काढलं, झालं. तो म्हणाला, एवढ्यानं पण नाही झालं तर सीएमडी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून netsh winsock reset ही नेटची सेटिंग पहिल्यासारखी करायची कमांड मारायची आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट करायचा. ह्यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत, कुणाला कोड द्यावा लागत नाही.

१८,५०० समोरच्या खात्यात होल्ड झालेत म्हणून मेसेज आलाय, हातात अजून आले नाहीत. २४,९९९ पुढं दुसऱ्या खात्यात निघून गेले. काजूच्या बिया विकून आलेले पैसे होते ते, लेकीच्या फीसाठी ठेवलेले. तिचा अर्ज त्याच संध्याकाळी भरला, त्याच कॉम्प्युटरवरून.