स्मोक्ड बेक्ड बीन्स: तयार डबा, साधा डबा की सुके दाणे?

अमेरिकेत मेमोरियल डे ते लेबर डे (मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात) या मोसमात परसातल्या बार्बेक्यूला ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस), रिब्ज (बरगड्या) किंवा पुल्ड पोर्क (तंतू सोडवलेलं डुकराचं मांस) यांच्या जोडीला बेक्ड बीन्स, म्हणजे गोड-आंबट सॉसमध्ये मंद शिजवलेले घेवड्याचे दाणे, हव्याच असतात. त्या स्मोकरमध्ये (लाकडाच्या धुरात मंद आचेवर शिजवणाऱ्या भट्टीत) करायच्या ठरल्या की बहुतेकांचा विचार लाकडापासून सुरू होतो. चव मात्र त्याआधीच ठरलेली असते. गोड सॉसमधल्या तयार बीन्सचा डबा फोडायचा, साध्या उकडलेल्या बीन्सचा डबा आणायचा, की सुके दाणे भिजवायचे? खालची सगळी मापं १२ ते १४ जणांसाठी, माणशी साधारण अर्धा कप धरून दिली आहेत.

गोड सॉसचा तयार डबा

२८ औंसांचे (७९४ ग्रॅम) दोन डबे पुरतात. या बीन्स आधीच शिजलेल्या, गोड आणि दाट सॉसमध्ये असतात. इथे सगळ्यात जास्त बिघडतं ते वरून घातलेल्या साखरेमुळे. डब्यात साखर आहेच, त्यात कपभर बार्बेक्यू सॉस आणि मूठभर ब्राउन शुगर पडली की बीन्सचा मुरंबा होतो. या डब्याला गोड नको, आंबट आणि तिखट हवं. डबा उघडल्यावर वर साचलेला पातळ सॉस पाव कपभर काढून टाका. मग २ मोठे चमचे पिवळ्या मोहरीचा तयार सॉस (मस्टर्ड), २ मोठे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर, परतलेला एक मोठा कांदा, एक बारीक चिरलेली हालापेन्यो मिरची आणि अर्धा छोटा चमचा मिरपूड घाला. मीठ घालू नका.

स्मोकरमध्ये दीड ते दोन तास पुरे. दाणे मुळात मऊ असल्यामुळे तीन तासांपुढे, आणि त्यातही सारखं ढवळत राहिलात तर, लगदा होतो. सकाळी ठरवून दुपारी वाढायचं असेल तर हाच पर्याय घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त गोडी तुमच्या हातात राहत नाही, हे धरून चाला.

साधा डबा

नेव्ही किंवा ग्रेट नॉर्दर्न बीन्सचे (दोन्ही पांढऱ्या घेवड्याच्या जाती) १५ औंसांचे (४२५ ग्रॅम) चार डबे. चाळणीत ओतून धुऊन घ्या, म्हणजे बराचसा खारटपणा जातो. सॉस पूर्णपणे तुमचा, आणि भिजवण्याचं काम नाही. अशा अनेक डब्यांत दाणा अख्खा राहावा म्हणून कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं. त्यामुळे स्मोकरमधले अडीच-तीन तास हे दाणे सहज सोसतात. उणीव एकच: बीन्स शिजवलेलं दाट पाणी मिळत नाही, त्यामुळे सॉसला अंग येत नाही. उपाय म्हणून अर्धा कप दाणे ठेचून सॉसमध्ये मिसळा आणि दीड कप चिकनचा किंवा भाज्यांचा बिनमिठाचा स्टॉक घाला.

सुके दाणे

४५४ ग्रॅम, म्हणजे एक पाउंड, नेव्ही बीन्स शिजून साधारण सहा कप होतात. हा सगळ्यात स्वस्त पर्याय आणि आमच्या मते चवीला सगळ्यात सरस. पण सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते, म्हणून कारणं नीट समजून घेतलेली बरी.

पहिली गोष्ट, कच्च्या बीन्स स्मोकरमध्ये शिजत नाहीत. हवा २२५ ते २५० अंश फॅरनहाइट (१०७ ते १२१ सेल्सियस) असली तरी उघड्या ट्रेमधून वाफ जात राहते, आणि आतलं पाणी उकळीपर्यंत पोहोचतच नाही. दुसरी गोष्ट, सॉसमधला आंबटपणा आणि मोलॅसिसमधलं (साखर करताना उरणाऱ्या काळ्या दाट पाकातलं) कॅल्शियम दाण्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन विरघळू देत नाही. साखरही मऊ होण्याचा वेग कमी करते. म्हणजे सॉस घातला त्या क्षणी दाणा जेवढा मऊ असेल, जवळजवळ तेवढाच तो शेवटपर्यंत राहतो. ‘थोडा कच्चा ठेवू, स्मोकरमध्ये शिजेल’ हा हिशेब म्हणूनच चुकतो आणि चार तासांनंतरही दाणा दाताखाली कचकचतो. याच गुणाचा फायदाही आहे. आधी पुरते मऊ केलेले दाणे मोलॅसिसच्या सॉसमध्ये चार तास राहिले तरी फुटत नाहीत. बोस्टनच्या जुन्या पद्धतीच्या बीन्स मंद भट्टीत तासन्‌तास राहूनही अख्ख्या दिसतात, त्याचं कारण हेच.

आदल्या रात्री दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात दाणे भिजत घाला. मिठामुळे साली मऊ होतात आणि कमी फुटतात. सकाळी ते पाणी टाकून दाणे धुवा. साध्या पातेल्यात शिजवायला एक ते दीड तास लागतो. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावात पाणी ९५ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं, तिथे याहून बराच जास्त. पण मराठी घरात प्रेशर कुकर किंवा इन्स्टंट पॉट असतोच, आणि मग सुक्या दाण्यांविरुद्धची वेळेची तक्रार जवळजवळ संपते. भिजवलेले दाणे, वर दोन इंच पाणी, फेस येऊ नये म्हणून एक मोठा चमचा तेल, भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही. पूर्ण प्रेशरवर ७-८ मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. वाफ एकदम सोडली तर साली फाटतात.

निरनिराळ्या ठिकाणचे पाच दाणे काढून बोटात दाबा. पाचही लोण्यासारखे चिरडले गेले पाहिजेत, चार मऊ आणि एक कडक असेल तर अजून शिजवा. दाणे जुने असतील किंवा नळाचं पाणी जड असेल तर शिजवताना पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. त्याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते. शिजवलेलं पाणी फेकू नका, त्यातलं दीड कप सॉसला लागतं.

मिश्र बीन्समध्ये लाल राजमा घालणार असाल तर जास्त काळजी घ्या. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही आणि पोट गंभीर बिघडतं. भिजवलेलं पाणी टाकून ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळ उकळा, मगच पुढचं.

सॉस

साधा डबा आणि सुके दाणे, दोन्हींसाठी माप एकच: पाऊण कप केचप, पाव कप मोलॅसिस, एक तृतीयांश कप ब्राउन शुगर, २ मोठे चमचे मस्टर्ड, २ मोठे चमचे सायडर व्हिनेगर, १ मोठा चमचा वूस्टरशर सॉस, एक कांदा, एक सिमला मिरची. ब्राउन शुगरऐवजी चिरलेला गूळ उत्तम चालतो. ब्लॅकस्ट्रॅप मोलॅसिस मात्र घेऊ नका, ते कडू लागतं. २०० ग्रॅम बेकन आधी अर्धवट परतून घ्या. कच्च्या पट्ट्या वर पसरल्या तर एवढ्या कमी आचेवर त्या कुरकुरीत न होता रबरासारख्या राहतात. मीठ शेवटी चाखून.

धूर

इथे तिन्ही पर्याय सारखेच. धूर फक्त पृष्ठभागावर बसतो, म्हणून खोल भांड्याऐवजी पसरट ट्रे किंवा १२ इंची कास्ट आयर्न कढई घ्या. थर पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि दर ४५ मिनिटांनी ढवळा. हिकरी ठसठशीत, सफरचंद, चेरी आणि पेकन सौम्य. मेस्कीट बीन्सवर कडवट होतं. दाट पांढरा धूर निघत असेल तर ट्रे आत ठेवू नका, धूर विरळ निळसर होईपर्यंत थांबा.

केटल ग्रिलमध्ये (गोल, झाकणाच्या कोळशाच्या शेगडीत) कोळसे एका बाजूला, ट्रे दुसऱ्या बाजूला, झाकणाचं भोक ट्रेच्या वर, आणि मुठीएवढे दोनच लाकडाचे तुकडे. पेलेट ग्रिलचा (लाकडाच्या भुश्याच्या गोळ्यांवर चालणाऱ्या ग्रिलचा) धूर सौम्य असतो, तिथे साध्या डब्याच्या किंवा सुक्या दाण्यांना २२५ अंश फॅरनहाइटवर पूर्ण तीन तास द्या. गॅस ग्रिलवर फॉइलच्या पुडीत लाकडाच्या चिप्स भरून भोकं पाडा. चिप्स भिजवून फायदा होत नाही, नुसता धूर उशिरा येतो.

दोन तासांनंतर धूर पुरेसा वाटला तर फॉइलने झाका. सॉस हवा त्यापेक्षा थोडा सैल असतानाच काढा, १५ मिनिटांत तो आळतो. कडेला साखर करपायला लागली तर गरम पाणी घालून लगेच खरवडा. उरलेल्या बीन्स ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ठेवू नका. आंबटपणामुळे धातूची चव उतरते. दोन तासांच्या आत, आणि हवा ३२ अंश सेल्सियसच्या वर असेल तर तासाभरात, काचेच्या भांड्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा.

मांसाखाली ट्रे ठेवायचा का?

पोर्क शोल्डरचा (डुकराच्या खांद्याच्या मांसाचा) रस बीन्समध्ये गळू द्यायची पद्धत चवीला खरोखर छान आहे, पण पहिल्या तासात नको. मांस बाहेरून शिजल्यावर ट्रे खाली सरकवा आणि काढताना बीन्सच्या मध्यभागी १६५ अंश फॅरनहाइट (७४ सेल्सियस) आहेत का ते थर्मामीटरने पाहा. ब्रिस्केटची चरबी मात्र फार गळते, वर तेलाचा थर येतो. रबमधलं (मांसाला चोळलेल्या मसाल्यातलं) मीठही उतरतं, म्हणून अशा ट्रेत आधी मीठ घालूच नका.

शाकाहारी पाहुण्यांसाठी ट्रे वेगळा हवा आणि तो मांसाच्या वरच्या जाळीवर हवा. तयार डब्याचं लेबल वाचा, कारण साध्या दिसणाऱ्या अनेक डब्यांत बेकन किंवा डुकराची चरबी असते. शाकाहारी लिहिलेले डबे वेगळे मिळतात. वूस्टरशर सॉसमध्येही सहसा अँकोव्ही मासे असतात. त्याऐवजी एक छोटा चमचा चिंचेचा कोळ आणि एक छोटा चमचा सोया सॉस घाला, आणि बेकनच्या जागी २ मोठे चमचे लोणी व एक छोटा चमचा स्मोक्ड पाप्रिका.