डॉकिंग स्टेशन की यूएसबी-सी हब?

रत्नागिरीत घरूनच आराखडे काढण्याचे काम करणाऱ्या माझ्या मावसभावाला लॅपटॉपला दोन मॉनिटर, हार्ड डिस्क आणि इंटरनेटची केबल जोडायची आहे. त्यासाठी डॉकिंग स्टेशन घ्यावे की साधा यूएसबी-सी हब, यावर त्याचे अडले आहे. दोन्ही लॅपटॉपच्या एकाच पोर्टला लागून अनेक उपकरणे जोडू देतात; हब छोटा आणि लॅपटॉपच्याच विजेवर चालणारा, तर डॉकिंग स्टेशन (डॉक) मोठे आणि स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारे.

हब दोन-तीन हजारांत मिळतो, चांगल्या डॉकला दहा हजारांहून अधिक मोजावे लागतात. मात्र अनेक स्वस्त हब 4के (अतिस्पष्ट) चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलतात, त्यामुळे माउसचा बाण अडखळत सरकतो आणि दिवसभर रेषा आखणाऱ्याचे डोळे शिणतात. थंडरबोल्ट 4 (यूएसबी-सीच्याच आकाराच्या पोर्टवरची वेगवान जोडणी) असलेले डॉक सेकंदाला 40 गिगाबिट वेगाने दोन 4के मॉनिटर 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलत, चालवते. पण लॅपटॉपलाही थंडरबोल्ट असावे लागते, म्हणून पोर्टशेजारचे आकाशातल्या विजेसारखे चिन्ह आधी पाहावे.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाणे नित्याचेच. डॉक स्वतःच्या अडॅप्टरवर चालत असल्याने वीज जाताच डिस्कची जोडणी तुटते आणि लिहिली जात असलेली फाइल खराब होऊ शकते. लॅपटॉपच्या बॅटरीवरचा हब मात्र चालू राहतो. डॉकला यूपीएस हवाच. खाऱ्या हवेचा त्रास दोघांनाही सारखाच: माझ्या जुन्या हबच्या पोर्टात दोन पावसाळ्यांत हिरवट थर धरला होता.

एकाच टेबलावर दोन मॉनिटर लावून काम करणाऱ्याने, म्हणजे मावसभावाने, यूपीएससह डॉक घ्यावे. एक मॉनिटर, पेनड्राइव्ह आणि मुंबई-रत्नागिरी फेऱ्या असणाऱ्याला हब पुरेसा आहे.