बेळगावच्या उद्यमबागेत पोलो टीएसआय रिमॅप करून घेतली, गाडी कशी झाली आणि वॉरंटीचं काय

सरळ सांगतो, रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं, आणि ते केलं की वॉरंटी अडचणीत येऊ शकते. माझं काम चांगलं झालंय आणि गाडी मस्त पळतीय. पण मी एवढं टायपायला बसलोय ते पॉवर वाढली म्हणून नाही, हे काम करणाऱ्यानं, म्हणजे ट्यूनरनं, लॅपटॉप लावायच्या आधी वॉरंटीबद्दल जे सांगितलं त्यासाठी. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ते कुणी सांगतच नाही. सगळे व्हॉट्सअपवर रेट पाठवतात आणि "कंपनीला कळत नाही ओ, बिनधास्त करा" म्हणून मोकळे होतात.

गाडी पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, २०२० ची, केए २२ पासिंग. कंपनीचा आकडा ११० पीएस पॉवर आणि १७५ एनएम टॉर्क (ओढ). वॉरंटी संपलेली, वाढीव घेतलेली नाही, क्लच तब्येतीत. हे आधी सांगायचं कारण असं की शॉपमध्ये गेल्या गेल्या पहिला प्रश्न "किती पॉवर पाहिजे" असा आलाच नाही, "वॉरंटी किती ऱ्हायलीय आणि सर्व्हिस कुठं करता" असा आला.

माझ्या पुढं गडहिंग्लजचा एक पोरगा होता, एमएच ०९ ची नवीकोरी टर्बो पेट्रोल एसयूव्ही घेऊन आलेला, पैसे खिशात, लगेच करून द्या म्हणत होता. त्याला ट्यूनरनं वॉरंटी बुक काढायला लावलं, त्यातलं इंग्रजी कलम मराठीत वाचून दाखवलं आणि म्हणाला "दोन वर्षं थांब की, गाडी कुठं पळून जाऊलालीय?" पोरगा नाराज होऊन गेला. हातचं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस बघितला आणि मी तिथंच ठरवलं की गाडी इथंच द्यायची.

आता कळतं कसं ते ऐका, कारण सगळा घोळ इथंच आहे. रिमॅप म्हणजे ईसीयूमधली फाईल बदलणं, बूस्ट (टर्बोनं इंजिनात दाबलेली हवा) किती, पेट्रोल किती, स्पार्क कधी, टॉर्कची मर्यादा कुठं हे सगळं त्या फाईलीत असतं. बऱ्याच ईसीयूत किती वेळा नवीन फाईल टाकली याचा काउंटर असतो, आणि फाईलीचा स्वतःचा नंबर आणि चेकसम (फाईल बदलली का ते ओळखायचा आकडा) असतो. तुम्ही सर्व्हिसच्या आदल्या दिवशी जुनी फाईल परत टाकली तरी काउंटर मागं येत नाही. फोक्सवॅगन ग्रुपमध्ये तर यासाठी टीडी१ म्हणून शिक्का आहे, बदललेली फाईल सापडली की चेसिस नंबरवर तो कंपनीच्या सिस्टिममध्ये बसतो, मग तुम्ही हुबळीला जा नाहीतर कोल्हापूरला जा, इंजिन गिअरबॉक्सचा क्लेम आला की तो आडवा येणारच. आणि शोरूमनं सर्व्हिसला कंपनीचा सॉफ्टवेअर अपडेट टाकला तर तुमची पैसे देऊन केलेली ट्यून पुसली जाते ती वेगळीच.

रिमॅपऐवजी ट्यूनिंग बॉक्स विकणारे म्हणतात आमचं प्लग अँड प्ले आहे, काढून ठेवलं की झालं. बॉक्स सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूला प्रेशर कमी आहे असं खोटं सांगतो, म्हणून ईसीयू जास्त बूस्ट किंवा जास्त डिझेल देतो. फाईलीला हात लागत नाही हे खरं. पण त्या काळात इंजिनवर जो ताण पडला तो पडलाच, पिस्टन किंवा टर्बो उघडल्यावर बघणाऱ्याला खुणा दिसतात, आणि न जुळणारे रीडिंग फॉल्ट कोड म्हणून राहून जातात.

माझ्या चिकोडीच्या मित्राचं हेच झालंय. घरी येऊन लॅपटॉपवर करून देणाऱ्या एकाकडून ट्यून मारून घेतली, पुढं टर्बो गेला, शोरूमनं ईसीयू वाचला आणि क्लेम नाकारला. ट्यूनरचा फोन बंद. टर्बोचे सगळे पैसे घरातून गेले आणि गाडी तोपर्यंत महिनाभर शेडमध्ये. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्याला कुणी एका वाक्यात जरी आधी सांगितलं असतं तर तो थांबला असता, तसा तो समजूतदार आहे.

यूट्यूब बघून काहीजण म्हणतात की बदलामुळंच बिघाड झाला हे कंपनीनं सिद्ध करायला लागतंय. तो कायदा अमेरिकेतला आहे, मॅग्नसन-मॉस, १९७५ चा. आपल्याकडं तसा वेगळा कायदा नाही, वॉरंटी बुकात छापलेल्या अटी आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ एवढंच हातात. ट्यून केली म्हणून एसीचा किंवा पॉवर विंडोचा क्लेम नाकारला तर जरूर भांडा, जिल्हा ग्राहक आयोगात जा, पाच लाखापर्यंतच्या तक्रारीला फी पण नाही. पण पिस्टन फुटला आणि फाईल बदललेली निघाली तर भांडायला तुमच्याकडं फारसं काही उरत नाही. इन्शुरन्सला पण बदल कळवायला पाहिजे, नाहीतर क्लेमच्या वेळी तिथं पण प्रश्न येतो.

बरं, आता काम. आधी स्कॅन मारून जुने कोड बघितले, प्लग काढून बघितले, होस तपासले, मग मला शेजारी बसवून वरच्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन क्लच घसरतोय का बघितलं. क्लच घसरत असता तर ट्यून करणार नव्हता, तसं आधीच सांगितलेलं. मग मूळ फाईल वाचून घेतली आणि तिची कॉपी माझ्या पेनड्राइव्हवर टाकून दिली.

फाईल त्यानं सौम्य ठेवली. २००० आरपीएमच्या खाली टॉर्क वाढवलाच नाही, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमला जास्त बूस्ट दिला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटायची भीती असते, एलएसपीआय म्हणतात त्याला, त्यात पिस्टन फुटू शकतो. बरेच ट्यूनर तिथंच टॉर्क भरतात कारण सिग्नलवरून निघताना गिऱ्हाईकाला धक्का जाणवतो आणि गिऱ्हाईक खूश होतंय. ऑइल पण एपीआय एसपी दर्जाचंच टाकायला सांगितलं, तो दर्जा आणताना याच त्रासाचा विचार केलेला आहे. पेट्रोल कमीत कमी ९५ ऑक्टेन. शॉपमध्ये डायनो (पॉवर मोजायचं मशीन) नाही, म्हणून पॉवरचा आकडा छापून दिला नाही, आधीचे आणि नंतरचे लॉग (गाडी चालताना घेतलेल्या नोंदी) दिले, बूस्ट, नॉक (मिश्रण चुकीचं पेटून येणारी ठकठक), हवेचं तापमान सगळं त्यात आहे. उगाच "१४० झाले" म्हणून स्टिकर लावण्यापेक्षा मला हे पटलं.

रस्त्यावर फरक कुठं तर तवंदी घाटात चौघं आणि डिकी भरून चाललोय, पुढं उसाची ट्रॉली, तिथं आधी दुसऱ्यात घालावी लागायची ती आता तिसऱ्यात ओढती. जांबोटी, कणकुंबी करून चोर्ल्याला उतरताना काही वाटत नाही, परत वर येताना मजा येती. हायवेला मायलेज जवळपास तेवढंच. पावसात मात्र पहिल्या गिअरला पुढची चाकं पटकन सुटतात, खानापूर भागातल्या जुलैच्या पावसात पाय जपूनच ठेवावा लागतो.

कुणी म्हणेल कंपनीनंच का नाही दिली एवढी पॉवर. देतात की, स्कॉर्पिओ-एनचं २.२ डिझेल खालच्या झेड२ ला १३२ पीएस आणि वरच्या मॉडेलला १७५. पण वरच्या आकड्यासाठी कंपनीनं गरमी, खराब डिझेल, उशिरा सर्व्हिस सगळं धरून टेस्टिंग केलेलं असतं आणि त्यावर वॉरंटी दिलेली असते. खालच्या आकड्यात कंपनीनं या सगळ्यासाठी जी ताकद राखून ठेवलेली असते ती ट्यूनर वापरतो, कशी वापरतो त्यावर सगळं आहे.

एक गोष्ट अजिबात आवडली नाही. बाहेर बोर्डावर "ईजीआर ऑफ" लिहिलंय. ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा. जुन्या डिझेल पिकअपवाले त्यासाठी येतात, आणि ईजीआर बंद केला की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, ते आपल्याच गावाच्या हवेत जातात. मी त्याला तोंडावर सांगितलं की एवढा अभ्यास असलेल्या माणसानं हे करू नये, तो "लोक मागूलालेत, काय करू" म्हणाला. मला हे पटलेलं नाही, म्हणून पाचपैकी चारच स्टार. बाकी फोन लवकर उचलत नाही आणि "दोन तासात होतंय" म्हणाला तिथं संध्याकाळ झाली, पण रस्त्यावर लॉग घेत तीनदा फाईल सुधारली त्यात वेळ गेला, त्याची तक्रार नाही.

पैसे तीस हजाराच्या आत गेले, बिल पक्कं मिळालं आणि बिलावर "ईसीयू सॉफ्टवेअर बदल" असं स्पष्ट लिहिलंय. आठवड्यानं परत बोलावून लॉग बघितले, त्याचे वेगळे पैसे नाहीत. जाणार असाल तर आधी फोन करून वेळ घ्या, सोबत वॉरंटी बुक आणि रिकामा पेनड्राइव्ह न्या, बॅटरी कमजोर असेल तर आधी बदला, कारण फाईल टाकताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू अडकतो. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर नुसतं विचारायला जा, चहा पाजून खरं सांगून परत पाठवेल.