मुरगाव बंदरात पैसा आधी कशात घालायचा: बचत, सौर-बॅटरी की किनाऱ्यावरची वीज?

गोव्यातल्या मुरगाव बंदराच्या आवारात तुमचं टर्मिनल किंवा गोदाम असेल, टग (जहाजं ओढणाऱ्या बोटी) आणि बार्ज (सपाट मालवाहू बोटी) चालवत असाल किंवा वास्कोतल्या खारीवाड्याच्या बाजूला बर्फाचा कारखाना असेल, तर कोणी ना कोणी 'ग्रीन पोर्ट'ची फाईल तुमच्या टेबलावर आणून ठेवली असणारच. केंद्राची 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं मे २०२३ मध्ये आली, तेव्हापासून हा विषय हौसेचा राहिलेला नाही. मोठ्या बंदरांनी टनामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के घटवायचं आहे, शिवाय निम्मी यंत्रं-वाहनं २०३० पर्यंत विजेवर आणायची आहेत. मुरगावने त्याच वर्षी 'हरित श्रेय' योजना काढून कमी प्रदूषण करणाऱ्या जहाजांना शुल्कात सवलत देऊ केली. दिशा ठरलेली आहे. अडतं ते एवढ्यावरच, की हातात एका कामापुरते पैसे असतील तर ते आधी कुठे लावायचे.

पर्याय तीन. वाया जाणारी वीज थांबवणं, छपरावर सौर आणि जोडीला बॅटरी, आणि धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणं, म्हणजे शोअर पॉवर. विक्रेते तिसऱ्याचं चित्र सर्वांत देखणं काढतात. माझा क्रम बरोबर उलटा आहे.

आधी गळती

यात फोटो काढण्याजोगं काही नसतं, म्हणून हे काम मागे पडतं. बंदरातली वीज जाते ती माल वाहणारे पट्टे (कन्व्हेयर), पंप, क्रेन, हायमास्ट दिवे आणि शीतगृहांचे कॉम्प्रेसर यांत. कोळशाच्या ढिगांवर पाणी फवारणारे पंप पाहा. बहुतेक ठिकाणी मोटर पूर्ण वेगाने चालते आणि पाणी कमी करायचं तर व्हॉल्व्ह आवळतात. तिथे वेग बदलणारा ड्राइव्ह बसवून वेग २० टक्क्यांनी उतरवला, तर अशा पंपाला लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते. पट्ट्यांना मात्र हा नियम तसाच लागू होत नाही, त्यामुळे कोणी तोच आकडा पट्ट्यासाठी दाखवला तर सावध व्हा. पट्ट्याची खरी उधळपट्टी माल नसताना रिकामं फिरण्यात असते, आणि ती थांबवायला एक सेन्सर आणि शिस्त पुरते.

दिव्यांचा हिशेब तर सरळच आहे. ४०० वॅटचा जुना सोडियम दिवा त्याच्या चोकसकट त्याहून जास्तच ओढतो, आणि २०० वॅटच्या आसपासचा चांगला एलईडी ते काम करतो. कपॅसिटर पॅनलही तपासून घ्या. घेतलेल्या विजेपैकी खरोखर कामी येणारा वाटा, म्हणजे पॉवर फॅक्टर, तेच पॅनल सांभाळतं; तो घसरला की उच्चदाबाच्या बिलात भुर्दंड बसतो आणि वर्षानुवर्षं तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

खर्चात कपात करू नये अशी एकच जागा आहे, ती म्हणजे पेटी. खाऱ्या वाऱ्यात साध्या पत्र्याच्या पेटीतला ड्राइव्ह टिकणार नाही. पेटी स्टेनलेस स्टीलची आणि पाणी-धूळ न शिरणारी हवी, बिल कितीही वाढलं तरी.

सौर आणि बॅटरी: दोन वेगळ्या वस्तू, एकाच कोटेशनमध्ये

एक किलोवॅटचं सौर पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं आणि त्याला साधारण १०० चौरस फूट छप्पर लागतं. ही सरासरी आहे, हे गोव्यात विसरून चालत नाही. जुलैतलं उत्पादन पाहून नवा मालक हमखास कंत्राटदाराला फोन करतो. ऑक्टोबर ते मे हा सौरचा खरा हंगाम, आणि नेमक्या त्याच महिन्यांत कोळशाची धूळ धुऊन काढायला पाऊस नसतो.

वास्कोतल्या सडा भागात किंवा धक्क्याच्या बाजूला पॅनल बसवणार असाल तर एखाद्या जुन्या पॅनलची खालची कड जवळून पाहा. रात्रीच्या दवात धूळ भिजते, ओघळत चौकटीच्या काठाशी साचते आणि उन्हं वर आली की तिथेच काळी पापुद्र्यासारखी घट्ट बसते. वरचा सगळा भाग चकाचक दिसतो, पण तळाची एक ओळ झाकली गेली की अख्ख्या पॅनलचं उत्पादन पडतं. धुवायला गोडंच पाणी हवं, कारण खाऱ्या पाण्याने मीठ मागे राहतं. तेव्हा कोटेशनमध्ये धुण्याची पाळी, पाणी कोण देणार आणि माणूस छपरावर सुरक्षित चढणार कसा, हे तिन्ही लिहून घ्या. जुन्या गोदामांचे पत्रे पॅनल आणि वाऱ्याचा भार पेलतील का, तेही आधी अभियंत्याकडून तपासून घ्या.

आता महत्त्वाची गोष्ट. नेहमीचं ग्रीडला जोडलेलं सौर वीज गेली की आपोआप बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला धक्का बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. म्हणजे नुसतं सौर घेतलं तर बिल कमी होतं, अंधार कमी होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा राज्यभर झाडं तारांवर पडली, महाराष्ट्रातून येणाऱ्या २२० केव्हीच्या वाहिन्याही बाधित झाल्या. गोव्याचं स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही, आपली बरीचशी वीज घाटापलीकडून येते. त्यामुळे वादळात बंदर किती तास स्वतःच्या पायावर उभं राहील, हा प्रश्न इथे इतर बंदरांपेक्षा जास्त टोचतो.

त्याचं उत्तर अख्खं टर्मिनल बॅटरीवर घेणं हे नव्हे. नियंत्रण कक्ष, जहाजांशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ, कॅमेरे, निचऱ्याचे पंप, मोजके दिवे एवढाच भार वेगळ्या पॅनलवर काढा. तो ५० किलोवॅट भरला आणि तुम्हाला चार तास हवे असतील, तर २०० युनिटची बॅटरी लागते. पुढचे दोन-तीन दिवस काढायला जनरेटर ठेवावाच लागेल. एका लिटर डिझेलमधून साधारण साडेतीन युनिट निघतात, डिझेल ₹९० च्या आसपास धरलं तर युनिट ₹२५ ला पडतं. रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या खंडितपणासाठी हे डिझेल जाळणं थांबलं, की बॅटरीचा खर्च डोळ्यांसमोर वसूल होताना दिसतो. इन्व्हर्टर मात्र ग्रीड नसतानाही चालणाराच मागा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, आणि ती बसवा उंच चौथऱ्यावर, बंद गार खोलीत. समुद्राच्या बाजूच्या तळमजल्यावर तर अजिबात नको.

बर्फाच्या कारखान्याला यातली बॅटरीही लागत नाही. त्यांचं गणित फार सुरेख जुळतं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते, तेव्हा बर्फाला मागणी नसते आणि सूर्यही नसतो. उरलेल्या हंगामात दिवसा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालवून बर्फ पाडला, की ऊन बर्फाच्या रूपाने साठलंच. बंदरालगतच्या धंद्यांत सौरसाठी याहून चांगला ग्राहक मला दिसत नाही. या मालकांनी दुसऱ्या पर्यायाने सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.

किनाऱ्यावरची वीज

धक्क्याला लागलेलं जहाज आपली जनरेटरं चालू ठेवतं, दिवे, पंप, वातानुकूलन सगळं त्यावर. किनाऱ्यावरून केबल दिली की ती बंद होतात. स्वीडनमधल्या यॉतेबोरी (गोथेनबर्ग) बंदराने २००० मध्ये मालवाहू जहाजांसाठी आणि अलास्कातल्या जुनोने २००१ मध्ये क्रूझ जहाजांसाठी हे करून दाखवलं. तंत्रज्ञान जुनं आणि सिद्ध आहे.

अडचण हिशेबात आहे. जहाजावर एक युनिट बनवताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या ग्रीडचा आकडाही जवळपास तेवढाच आहे, कारण गोव्याला मिळणाऱ्या विजेचा मोठा वाटा कोरबा (छत्तीसगड) आणि विंध्याचल (मध्य प्रदेश) इथल्या केंद्रांच्या कोळशातून येतो. तेव्हा साधी ग्रीडची वीज जहाजाला दिली तर हवामानाच्या खात्यात फारसं काही जमा होत नाही. वास्कोच्या हवेच्या खात्यात होतं, आणि बायणा-सड्यावरच्या माणसाला विचाराल तर त्याला तेच हवं आहे. दोन्ही हवं असेल तर हरित वीज विकत घेण्याचा करारही सोबतच करावा लागेल.

क्रूझ जहाज धक्क्यावर ७ ते १० मेगावॅट ओढतं. बहुतेक जहाजं ६० हर्ट्झची, आपलं ग्रीड ५० चं, म्हणजे मधे भलामोठा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर आणि बहुधा नवं उपकेंद्र. एवढं करून क्रूझ येतात त्या ऑक्टोबर ते मे, तेही मोजक्या दिवशी. पावसाळाभर ते यंत्र दमट हवेत नुसतं उभं राहणार. युरोपातल्या प्रमुख बंदरांत २०३० पासून प्रवासी आणि कंटेनर जहाजांना किनाऱ्यावरची वीज बंधनकारक होते आहे, त्यामुळे केबल जोडायची सोय असलेली जहाजं वाढत जातील हे खरं. म्हणून आज फक्त नव्या धक्क्याच्या कामात केबलसाठी पाईप आणि उपकेंद्राची जागा राखून ठेवा. पाईप आज स्वस्त आहे, काँक्रीट फोडणं उद्या महाग पडेल.

टग आणि बार्ज यांची गोष्ट निराळी. त्यांचा भार काही डझन किलोवॅटचा, बहुतेकांचा पुरवठा ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे कन्व्हर्टर नकोच. धक्क्यावर मीटर, पाणी न शिरणारी पेटी आणि केबल गुंडाळायचा हूक, बस. टग दिवसाचे कित्येक तास नुसता वाट पाहत उभा असतो आणि वातानुकूलनासाठी डिझेल जाळत असतो. ते ₹२५ चं युनिट इथेही तेवढंच महाग आहे. पूर्ण विजेवरच्या टगचा विचार मात्र थोडा थांबवता येईल. केंद्राच्या ग्रीन टग कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात जवाहरलाल नेहरू, दीनदयाळ, पारादीप आणि व्ही. ओ. चिदंबरनार (तुतीकोरिन) ही बंदरं आहेत, त्यांचा अनुभव आयताच मिळेल.

थोडक्यात, टर्मिनलवाल्याने पंप, दिवे आणि वेगळा काढलेला भार, टगवाल्याने धक्क्यावरची पेटी, बर्फवाल्याने छप्पर हाती घ्यावं. छपरावरची आणि चर खणायची कामं पावसाळ्यात होत नाहीत, म्हणून कोटेशनं चतुर्थीआधी मागवा आणि काम ऑक्टोबरात सुरू करा. प्रत्येक कंत्राटदाराला एकच प्रश्न लेखी विचारा: वीज खात्याचा फिडर (आपल्याला वीज पुरवणारी वाहिनी) गेल्यावर माझ्याकडचं नेमकं काय काय चालू राहील, आणि किती तास?