भिंतीची वेगळी फाइल की घराच्याच नकाशात कुंपण?

एनए (बिगरशेती) प्लॉट नावावर झाला की चहूबाजूंनी एकच सल्ला येतो: आधी कंपाउंड घालून घ्या. सल्ला चांगलाच आहे. पण कंपाउंड कसलं आणि कोणत्या परवानगीवर, हे सांगायला कोणी थांबत नाही. मुंबई आणि इतर काही क्षेत्रं सोडली तर राज्यात बहुतेक ठिकाणी 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते. तिच्या चौकटीत प्लॉटमालकापुढे साधारण दोन वाटा असतात. फक्त भिंतीसाठी वेगळा अर्ज करून पक्कं कंपाउंड आत्ताच बांधायचं, किंवा सध्या खांब रोवून जाळी मारायची आणि पक्की भिंत पुढे घराच्या नकाशातच मंजूर करून घ्यायची. मी दुसऱ्या वाटेने गेलो. पहिली वाट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. काही जणांना तीच बरी पडेल.

‘भिंतीला कसली परवानगी?’ असं ठामपणे सांगणारे ठेकेदार भरपूर भेटतात. नियमावलीत ‘इमारत’ या शब्दाची व्याख्या एकदा वाचून बघा. जमीन वेढणारी किंवा वेढण्यासाठी बांधलेली कोणतीही भिंत त्यात येते, आणि ती कोणत्या साहित्याची आहे याने फरक पडत नाही. त्यामुळे प्रिकास्ट प्लेटांचं रेडीमेड कंपाउंड विकणारा ‘हे काढता येतं साहेब, परवानगी लागतच नाही’ म्हणाला, तर ते त्याच्या धंद्याचं बोलणं समजावं. तारेच्या जाळीला सहसा कोणी अडवत नाही, निदान आमच्याकडे तरी कोणी अडवलं नाही. तरी कार्यालयागणिक मत बदलतं. खांब आणण्याआधी नगररचना विभागात किंवा ग्रामपंचायतीत एकदा विचारलेलं बरं.

मोजणी दोन्ही वाटांना लागते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घ्यायची, लगतच्या धारकांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि मग ‘क’ प्रत, म्हणजे हद्दीचा मोजणी नकाशा, हातात पडते. फरक पुढे पडतो. खुणा दाखवून झाल्यावर शेजाऱ्याला जाग येण्याची शक्यता दाट असते. ‘आमचा बांध इथपर्यंत होता’ ही चर्चा खांब उभे असताना करणं सोपं जातं, कारण फूटभराचा प्रश्न असेल तर दोन गडी लावून खांब सरकवता येतात. भिंतीचा पाया सरकत नाही. शिवाय तो पाया पूर्ण आपल्याच हद्दीत बसवावा लागतो, म्हणजे भिंत आणखी आत येते आणि बाहेर उरलेली पट्टी बघून जीव हळहळतो.

उंचीचा नियम बहुतेकांना माहीत असतो: कंपाउंडची भिंत 1.5 मीटर, आणि वरचे 0.9 मीटर उघड्या जाळीचे ठेवले तर 2.4 मीटरपर्यंत. मात्र ही उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजतात, हे पटकन लक्षात येत नाही. प्लॉट रस्त्यापेक्षा दोन फूट उंच असेल तर आतल्या बाजूने भिंत जेमतेम तीन फूट दिसते. कोपऱ्याच्या प्लॉटला आणखी एक बंधन असतं. वळणापासून दोन्ही अंगांना 10 मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त 0.75 मीटर, वर रेलिंग. गाडीवाल्याला वळण दिसावं म्हणून ते आहे आणि योग्यच आहे, पण ‘सुरक्षेसाठी भिंत’ हे कारण त्या कोपऱ्यावर बरंच पातळ होतं.

आता ज्यामुळे माझा निर्णय झाला ते: फाटक.

वेगळ्या अर्जाची चौकशी करायला मी एका लायसन्स इंजिनिअरकडे गेलो होतो. सातबारा उतारा, एनए आदेश, मंजूर रेखांकन (लेआउट), मोजणी नकाशा, कराची पावती अशी यादी त्यांनी लिहून दिली. घराच्या परवानगीलाही हेच कागद लागतात, त्यात नवल नव्हतं. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि विचारलं, ‘फाटक कुठे दाखवू?’ घराचा नकाशाच ठरला नव्हता, तर मी काय सांगणार? पार्किंग डाव्या अंगाला येणार की उजव्या, जिना कुठून चढणार, बोअरची गाडी कुठून आत घेणार, महावितरणचा खांब नेमका कुठे पडणार, यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या आत्याचं मत मात्र पक्कं होतं: पूर्वेला. पूर्वेला नाला आहे.

अंदाजाने कुठेतरी दाखवून टाका, असंही करता येतं. पण मग तेच मंजूर होतं आणि तसंच बांधावं लागतं. पुढे घराचा नकाशा आला, फाटक वीस फूट सरकलं, की मंजूर भिंत आणि नवा नकाशा जुळत नाहीत. भोगवटा प्रमाणपत्राच्या (घर वापरायच्या परवानगीच्या) वेळी जागेवर बघायला येणारा माणूस हातातल्या नकाशाशीच ताडून बघतो. म्हणजे सुधारित नकाशा, पुन्हा छाननी शुल्क, पुन्हा ताजा उतारा. डिजिटल सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो, त्याचं काही नाही. बाकीच्या कागदांमागे पुन्हा पळावं लागतं त्याचा त्रास. आमच्या ओळीतल्या एका काकांनी आधी भिंत बांधली होती. पोकलेन आत घ्यायला त्यांना भिंतीचा एक गाळा पाडावा लागला आणि घर झाल्यावर फाटक तिथेच ठेवावं लागलं. घर बघायला जाणारा आजही आधी स्वयंपाकघराच्या दारात पोचतो.

जाळीत हा प्रश्नच येत नाही. दोन खांबांमधली जाळी सोडली की झालं फाटक, नको असेल तर पुन्हा बांधली.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मी घेतलेल्या कोटेशनांत भिंतीचा आकडा जाळीच्या कितीतरी पट होता, आणि आमच्याकडे काळी माती असल्याने मुरूम लागेपर्यंत कॉलम खाली न्यावे लागणार होते. त्या मातीत वरवरच्या पायावरची भिंत एका पावसाळ्यात तडकते, हे आजूबाजूला दिसतंच. जाळीला डुकरं आणि कुत्री जुमानत नाहीत, ही तक्रार खरी आहे. आम्ही कडेने कोयनेलची झुडपं लावली. दाट झाल्यावर बराच फरक पडला, पण पाणी घालायला कोणीतरी हवं.

प्लॉट लहान असेल तर वेगळ्या फाइलीचं कारण आणखी कमी होतं. 150 चौरस मीटरपर्यंतचे प्लॉट कमी जोखमीच्या प्रकारात मोडतात आणि 300 पर्यंतच्यांसाठीही सुटसुटीत प्रक्रिया आहे. घराचीच परवानगी लवकर मिळणार असेल, तर भिंतीसाठी निराळा खटाटोप कशाला? मोठ्या प्लॉटला वेळ लागतो. कायद्यात 60 दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असं समजण्याची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर पाया खणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

तरीही भिंत आधी कोणी बांधावी? जे परदेशात आहेत आणि पाच-सात वर्षं घर बांधणार नाहीत, त्यांनी जरूर विचार करावा. राखणीला कोणी नसलेल्या प्लॉटवरची जाळी एखाद्या रात्री गुंडाळून नेली जाते. उताराचा प्लॉट असेल आणि माती धरून ठेवायलाच भिंत हवी असेल, तर निवडीला वावच नाही. आणि समोरचा रस्ता विकास आराखड्यात रुंद होणार असेल, तर भिंतवाल्यांनी आधी रस्त्याची आखणी बघूनच अर्ज करावा.

माझ्या वाटेने जाणार असाल तर नकाशा काढायला देताना एक आठवणीने सांगा. आर्किटेक्ट बहुधा प्लॉटच्या कडेने नुसती रेघ ओढून मोकळे होतात. भिंतीचा छेद, रस्त्यापासूनची उंची आणि फाटकाची रुंदी त्याच नकाशात दाखवून घ्या. तसं दाखवलं नाही, तर भिंतीसाठी पुन्हा वेगळा अर्ज करायची पाळी येते.