प्रेस तोडायचं शिबिर: गार्डला पाठवा, पण एकटीला नको

जळगावात मे महिन्यात सकाळी भरणाऱ्या त्या बास्केटबॉल शिबिराबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. नेहमीच्या उन्हाळी शिबिरासारखं ते नाही. तिथे ले-अप (बास्केटजवळ जाऊन टाकलेला बॉल) शिकवत नाहीत, थ्री पॉइंटर मारून घेत नाहीत, शेवटच्या दिवशी टी-शर्ट आणि मेडल वाटून फोटो काढत नाहीत. विषय एकच: समोरच्या संघानं फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे आख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन अडवायला सुरुवात केली, तर बॉल पुढे कसा न्यायचा. एवढ्याशा विषयाला आख्खा आठवडा आणि १,८०० रुपये कशाला, असं पालक विचारतात. माझं उत्तर: पैसे वसूल आहेत, पण शिबिरात काही गोष्टी सुधारायलाच हव्यात.

मी अमळनेरकडच्या एका शाळेत खेळ शिकवते, सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ माझ्याकडे आहे. आपल्याकडच्या जिल्हा स्पर्धा ज्यांनी पाहिल्यात त्यांना माहीत असेल की तिथे उंची, शूटिंग वगैरे नंतर. ज्या संघात दोन चपळ मुली आहेत तो पहिल्या मिनिटापासून प्रेस लावतो. समोरच्या गार्डला, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्या मुलीला, डाव्या हातानं ड्रिबल येत नाही, ती उजवीकडे साइडलाइनला जाते, कोपऱ्यात अडकते, घाबरून हवेत पास फेकते आणि झाला सोपा ले-अप. पुन्हा बेसलाइनवरून (बास्केटमागच्या रेषेवरून) बॉल आत, पुन्हा तेच. पहिल्या क्वार्टरलाच मॅचचा निकाल. मग तोच जिंकलेला संघ विभागाला नाशिकला जातो, तिथे त्याच्यावर कुणी नीट प्रेस लावला की त्याचीही तीच गत. म्हणजे प्रेस लावायला सगळे शिकलेत, तोडायला कुणी नाही.

बुटक्या संघांनी प्रेस लावणं ही काही आपल्या खान्देशची युक्ती नाही म्हणा. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या संघानं १९६३-६४ च्या हंगामात ३० पैकी ३० सामने जिंकले. त्यांच्या पहिल्या पाचात सहा फूट पाच इंचांपेक्षा उंच कुणी नव्हतं, म्हणजे तिथल्या मानानं बुटकेच, आणि त्यांचं हत्यार होतं २-२-१ चा झोन प्रेस, म्हणजे पुढे दोघे, मध्ये दोघे, मागे एक असं आपापली जागा धरून अडवणं. शिबिराचे सर हे पहिल्याच दिवशी सांगतात. उंच मुली नाहीत म्हणून रडणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांसाठी असावं ते.

आमच्या पॉइंट गार्डला सगळे बारकी म्हणतात. तिला पाठवलं आणि सोबत मी जाऊन कडेला बसले. जळगावात तिची मावशी राहते, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न सुटला. सुरत लाइनच्या गाडीनं रोज जा-ये करून सकाळी सहाला कोर्टवर उभं राहणं शक्य नाही, बाहेरगावच्यांनी हे आधीच धरून चाला.

शिबिराची सुरुवात मला फार आवडली. सरांनी मुलामुलींना बेसलाइनवर उभं केलं, हातात बॉल दिला नाही, स्टॉपवॉच घेतलं आणि सांगितलं, हाफ लाइनपर्यंत चालत जा. पळायचं नाही, चालायचं. झपाझप चालणारे सगळे आठ सेकंदांच्या आत पोचले. कोर्ट २८ मीटरचं, अर्धं म्हणजे १४ मीटर, आणि नियम देतो आठ सेकंद. हिशेब केला तर सेकंदाला पावणेदोन मीटर, ही चालण्याचीच गती. सर म्हणाले, ‘घाई कोनले शे? तुले का तिले?’ पोरं हसली, पण मुद्दा डोक्यात बसला. प्रेस लावणाऱ्याला घाई हवी असते, आपल्याला नाही. पहिला ट्रॅप (दोघींनी मिळून घेरणं) यायच्या आधी चार-पाच मुली भीतीनंच धावत सुटतात आणि आपणहून कोपऱ्यात जाऊन उभ्या राहतात, ते या एका गोष्टीनं बरंच कमी होतं.

नियमांची उजळणीही त्यांनी अशीच, खेळता खेळता घेतली. बॉल आत टाकायला पाच सेकंद, ते वेगळे. आठ सेकंद मोजायला सुरुवात होते आत कुणाचा तरी बॉलला हात लागल्यावर. डिफेंडरनं बॉल बाहेर घालवला आणि तो पुन्हा आपल्यालाच मिळाला तर आठ सेकंद नव्यानं सुरू होत नाहीत, उरलेलेच मिळतात. हे आमच्याकडच्या निम्म्या मुलींना ठाऊक नसतं. बास्केट खाल्ल्यावर बॉल आत टाकणारी बेसलाइनवर डावी-उजवीकडे पळू शकते, पण बॉल बाहेर गेल्यामुळे किंवा फाउलमुळे मिळाला असेल तर जागेवरूनच टाकायचा. आणि हाफ लाइन ओलांडली असं कधी धरायचं, तर दोन्ही पाय आणि बॉल, तिन्ही पलीकडे टेकल्यावर. याचा उपयोग त्यांनी लगेच दाखवला. रेषेच्या पलीकडे, साइडलाइनच्या कोपऱ्यात दोघी टपून बसलेल्या असतील तर तिकडे जायचंच नाही. रेषेच्या अलीकडे मागे यायला मुभा आहे. एकदा पलीकडे गेलात की परतीचा रस्ता बंद, म्हणजे साइडलाइन एक, हाफ लाइन दोन आणि त्या दोघी, असे चौघांत सापडता. रेषा ओलांडायची ती कोर्टच्या मधून.

आता ज्यासाठी मी हे शिबिर कुणालाही सुचवेन ती गोष्ट: मागे येणारा ड्रिबल. आपल्याकडे ड्रिबलिंग म्हणजे पायांमधून, पाठीमागून, व्हिडिओत बघून केलेल्या करामती. इथे दोन दिवस फक्त मागे यायला शिकवलं. डिफेंडर अंगावर आली की पुढचा खांदा आणि पुढचा पाय तिच्याकडे, बॉल लांबच्या हातात, गुडघ्याच्या खाली, मागच्या पायाजवळ. हनुवटी पुढच्या खांद्यावर, म्हणजे नजर कोर्टवरच राहते. मग दोन लहान उड्या मागे, सरकत. पाठ फिरवायची नाही. पाठ फिरवली की दुसरी डिफेंडर त्याच बाजूनं येते आणि बॉल काढून नेते, तुम्हाला ती दिसतसुद्धा नाही. दोन उड्या मागे आल्यावर समोर दीड-दोन मीटर मोकळी जागा तयार होते. तिथे खाली, झटकन हात बदलायचा आणि ज्या दोघी ट्रॅप लावायला येतायत त्यांच्यामधली फट बुजायच्या आत तीतून निघायचं. फट बुजली असेल तर पुन्हा मागे. बस, एवढंच.

बारकीची सवय अशी की डिफेंडर आली की ती बॉलकडे बघते. सर तिच्या शेजारून चालत एकच ओरडत होते, ‘वर देख पोरी, वर! खाले काय शे?’ मग त्यांनी एक युक्ती केली. हाफ लाइनवर एका मुलाला उभं केलं, तो बोटं दाखवणार आणि ही ड्रिबल करता करता आकडा मोठ्यानं सांगणार. दोन डिफेंडर अंगावर, तोंडानं ‘तीन... पाच... दोन’. पहिल्या दिवशी बॉल पायावर आपटून पार कुंपणापर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी ती आकडा सांगून वर विचारत होती, सर, आता एक हात मागे लपवलाय का? हा सराव कुठल्याही शाळेच्या मैदानावर फुकट करता येतो. मी सुरूही केलाय.

बॉल घेण्याबद्दलही बारीक लक्ष दिलं. प्रेसमध्ये निम्मे बॉल ड्रिबल करताना जात नाहीत, घेतल्याबरोबरच्या पहिल्या सेकंदात जातात. मुली बॉल घेतात बेसलाइनकडे तोंड करून आणि तशाच ड्रिबल सुरू करतात. इथे नियम केला होता: कोपऱ्यात बॉल घ्यायचा नाही, बॉलकडे धावत येऊन घ्यायचा, दोन्ही पायांवर थांबायचं, वळायचं, पुढचं कोर्ट बघायचं आणि मगच पहिला ड्रिबल. आणि पहिला ड्रिबल टाकला की तो उगाच थांबवायचा नाही. बॉल हातात धरून उभी राहिलेली गार्ड म्हणजे ट्रॅपला आमंत्रण, शिवाय जवळून गार्ड केलं जात असेल तर तिथेही पाच सेकंद मोजले जातात.

ट्रॅपमध्ये सापडल्यावरचे पास मात्र घाईत उरकले असं माझं मत. पिव्हट करून (एक पाय रोवून वळून) दोघींच्या मधून पाय टाकायचा, वर दाखवून खालून द्यायचा, उंच तरंगणारा पास नको, हे सगळं सांगितलं, करून घेतलं तेवढं नाही. पाच फुटांच्या मुलीला डोक्यावरून पास देता येत नाही. तिला खालून, डिफेंडरच्या पायांजवळून टप्पा पास द्यायचा सराव जास्त हवा होता.

आता तक्रारी. शिबिर सुटे खेळाडू घेतं. या गावची एक, त्या शाळेचा एक, पाचोऱ्याचे दोघे, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या तिघी. गार्ड तयार होतो, संघ नाही. परत आल्यावर मी आमच्या मुलांना बारकीवर प्रेस लावायला सांगितलं. तिनं पहिला ट्रॅप सुंदर मोडला, मान वर, नजर पुढे, आणि पास द्यायला बघते तर कुणीच नाही. बाकीच्या चौघी, एसटी लागल्यावर रुमाल टाकायला धावावं तशा, समोरच्या बास्केटकडे पळाल्या होत्या. प्रेस मोडायला एक मुलगी मधल्या भागात बॉलकडे येणारी हवी, एक साइडलाइनवर पुढे, एक गार्डच्या मागे चार-पाच पावलांवर, म्हणजे अडकलं की बॉल मागे देऊन दुसऱ्या बाजूनं न्यायला, आणि एक लांब. हे शिबिरात शेवटच्या सकाळी अर्ध्या तासात सांगून झालं. खरं तर निम्मं शिबिर त्यावर हवं. मधली मुलगी बॉल घेऊन वळली की पुढे तिघींसमोर दोघी असा फायदा मिळतो. तिथे थांबून श्वास घ्यायचा नसतो, थेट बास्केटवर जायचं असतं. या भागाचं तर नावही निघालं नाही.

दुसरं, साहित्य. बहुतेक बॉल टक्कल पडलेले. सिमेंटच्या कोर्टवर रबर झिजणारच, पण घामट हातातून गुळगुळीत बॉल निसटतो आणि मुलांना वाटतं आपलाच हात कच्चा. त्यातून मुलींना सात नंबरचे बॉल. मुलींच्या स्पर्धेत सहा नंबर असतो, तो घेरानं लहान आणि हलका. लहान हातांच्या मुलीकडून आठवडाभर सातवर क्रॉसओव्हर (ड्रिबलमध्ये हात बदलणं) करून घेतलात तर मनगटाची सगळी मोजमापं बदलतात. मी तिसऱ्या दिवसापासून आमचा बॉल घेऊन गेले. तुम्हीही न्या, नाव लिहून न्या.

तिसरं, आणि हे मी शिबिर चालवणाऱ्यांच्या तोंडावर सांगितलंय: मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही. जे आहे त्याला कडी नाही आणि पाणी नाही. कपडे बदलायला जागा नाही. आई-वडील मुलींना खेळायला का पाठवत नाहीत यावर भाषणं देणाऱ्यांनी आधी एक कडी बसवावी.

ऊन तर विचारू नका. वेळ सहा ते साडेआठ लिहिलेली, पण पावणेनऊपर्यंत हमखास लांबतं आणि जळगावच्या मे महिन्यात त्या पंधरा मिनिटांतच सिमेंट तापतं. सावली एका कडुलिंबाची, तीही पालकांनी बळकावलेली. पाण्याचा माठ आहे, भरलेला असतो, हे कबूल करते. मीठ-साखर-लिंबू घरूनच न्या. सुटल्यावर जवळच एक टपरी आहे, पोहे ठीक, चहा फार गोड. घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आणणारी भुसावळची पोरगी मला सगळ्यांत शहाणी वाटली.

सरांबद्दल. ओरडतात, पण टाकून बोलत नाहीत. मुलगा आणि मुलगी असा फरक करत नाहीत, मुलींवर मुलांचा प्रेस लावतात आणि मुलांवर मुलींचा, आणि मुली ट्रॅप लावताना हाताऐवजी पायांनी लावतात म्हणून मुलांना दाखवतात, बघा रे, असं लावायचं. पालकांनी कडेवरून सूचना द्यायला सुरुवात केली की सराव थांबवून शांतपणे त्यांच्याकडे बघत राहतात. जळगावचे एक काका दुसऱ्या दिवसापासून कडुलिंबाखालून हलले नाहीत.

कुणाला पाठवावं? ज्या मुलाला दोन्ही हातांनी चालता चालता ड्रिबल येतो त्यालाच. त्याच्याखालच्या मुलाला पहिल्याच दिवशी दोघांच्या ट्रॅपमध्ये टाकलं तर तो रडकुंडीला येतो. असा एक होता, चौथ्या दिवशी आला नाही. चौदा वर्षांखालच्यांना घाई करू नका. आणि शाळेच्या शिक्षकांनी स्वतः जाऊन बसावं, कारण खरं काम परत आल्यावर बाकीच्या चौघींसोबत तुम्हालाच करायचंय. कडेला बसायचे पैसे घेत नाहीत, वही न्या.

पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे असं कळलं. तेव्हा ऊनही कमी असेल. मी पाच जणींचा गट घेऊन येते, फी गटानं ठरवा आणि सहा नंबरचे बॉल आणा, असं सांगून आले. बॉलचं लगेच हो म्हणाले. फीचं ‘बघू मॅडम’ म्हणालेत.